मदत हवी आहे: नळीत राहणाऱ्या सेजेस्ट्रियाचं कुळ कोणतं?

नमस्कार मंडळी. ब्रिस्टलच्या आमच्या घराच्या विटांच्या भिंतीत, चुना झडलेल्या भोकात एक मोठी काळी कोळीण राहते. आत रेशमाची नळी, तोंडाभोवती ताणलेले धागे. धाग्याला काडीने डिवचलं की बया झपकन बाहेर येते, जबडे हिरवे चमकतात. म्हणजे सेजेस्ट्रिया फ्लोरेन्टिना, यात शंका नाही. मूळची भूमध्य सागराकडची, इंग्लंडात बंदरांच्या शहरांत स्थिरावलेली.

इथल्या मराठी शाळेच्या हस्तलिखितासाठी तिच्यावर लिहितेय आणि वर्गीकरणापाशी अडलेय. जुन्या पुस्तकात ती डिस्डेरिडी कुळात आहे, लाकूडकिडे (वुडलाइस) खाणाऱ्या लालसर डिस्डेराच्या पंक्तीला. आता मात्र सेजेस्ट्रिडी हे वेगळं कुळ दिसतं. सहा डोळे तर दोघींनाही! मग वेगळं कशावरून केलं? आणि वरचा गट पूर्वी हॅप्लोगायनी, आता सिनस्पर्मिएटा. हे नुसतं नामांतर आहे का?

जाता जाता: नाशिकला आईकडे वाड्याच्या दगडी भिंतीतही अशाच नळ्या आहेत. त्यांतले कोळी त्याच घराण्यातले का?

अष्टपाद: पाय बघा. सेजेस्ट्रिडींच्या पायांच्या तीन जोड्या पुढे वळलेल्या असतात, मागे एकच. डिस्डेरात तिसरी जोडी मागेच असते. डोळेही सेजेस्ट्रियात दोन-दोनच्या तीन जोड्यांत, डिस्डेरात एकाच घोळक्यात. तरी दोन्ही कुळं सख्खी शेजारी, डिस्डेरॉइडिया या महाकुळातली. फ्रेंच अभ्यासक लात्रेयने सेजेस्ट्रिया ही प्रजाती (जीनस) १८०४ मध्ये मांडली. तुमची जाती (स्पीशीज) त्याही आधीची, रोसीची, १७९०. कुळाचं नाव सिमोनचं, १८९३ चं.

नामांतर म्हणाल तर नाही. मादीची जननेंद्रियं साधी, एवढ्यावर हॅप्लोगायनीत बरेच कोळी एकत्र कोंबले होते. पण साधेपणा पूर्वापार चालत आलेलाही असू शकतो, त्यावरून नातं ठरत नाही. सिनस्पर्मिएटात नराचे अनेक शुक्राणू एकाच वेष्टनात बांधलेले असतात, ही खूण जास्त पक्की. या फेरमांडणीत फिलिस्टाटिडी कुळ बाहेर गेलं, आणि मला वाटतं नाशिकचं गिऱ्हाईक तेच असावं. नळी, धागे, भिंत सगळं तसंच, पण डोळे आठ, एका उंचवट्यावर दाटीने बसलेले. जाळं लोकरीसारखं पिंजलेलं दिसतं.

सहा डोळे निघाले तर मात्र नक्की कळवा. भारतात सेजेस्ट्रिडी आहेत. आरियाडना जुनी, आणि इंडोसेजेस ही प्रजाती तर २०२१ मध्येच नव्याने मांडली गेली. भोकात बोट घालायला मात्र सांगू नका, तिथेही नको आणि ब्रिस्टलला तर नकोच. फ्लोरेन्टिना चावली की चांगलीच झोंबते.

धागाकर्ती: खूप आभार! आई म्हणते, "आधी माझे डोळे तपासून आण, मग कोळ्याचे मोजते." भाऊ मॅक्रो लेन्स घेऊन शनिवारी जातोय. फोटो इथेच डकवते.