मायएस्क्यूएल: रॅम दुप्पट केली, इन्सर्ट तितकेच संथ

दूधखाते: नमस्कार मंडळी. एका दूध संघाचं संकलनाचं सॉफ्टवेअर बघतो. केंद्रांवरून लिटर, फॅट, एसएनएफच्या (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) सीएसव्ही फायली येतात. दहा दिवसांच्या बिलाआधी साधारण 8 लाख ओळी मायएस्क्यूएल 8 या डेटाबेसमध्ये चढवायच्या असतात. जावातून एकेक इन्सर्ट (ओळ घालायची आज्ञा), पावणेचार तास जातात. रॅम 16 जीबी केली, बफर पूल (डेटाबेसची रॅममधली राखीव जागा) 14 जीबी, सॉर्ट बफर (क्रम लावायची जागा) 64 एमबी. वेळ जैसे थे, वर मशीन स्वॅपमध्ये (रॅम संपून डिस्कवर) जाऊन गप्प बसतं. जावाचा वेब सर्व्हर टॉमकॅटही त्याच मशीनवर. डिस्क साधी, 7200 आरपीएम. एसएसडीला संघ पैसे देत नाही.

रात्रपाळी: फ्लश लॉग अ‍ॅट ट्रॅन्झॅक्शन कमिट (कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, लॉग डिस्कवर कधी उतरवायचा ते ठरवणारी सेटिंग) 0 करा, पळतंय की नाही बघा.

जुना_डीबीए: रात्रपाळी, शेतकऱ्याच्या पैशाचा मामला आहे, 0 नको. लाइट गेली तर नुसत्या 2 वरही शेवटच्या सेकंदाभरातल्या नोंदी जाऊ शकतात. 1, म्हणजे दर कमिटला डिस्कवर उतरवणं, राहू द्या.

दूधखाते, तुमचं दुखणं रॅमचं नाहीच. 7200 आरपीएम म्हणजे सेकंदाला 120 फेरे, आणि एका फ्लशला (डिस्कवर पक्कं लिहायला) साधारण एक फेरा. ऑटोकमिट चालू असल्यामुळे प्रत्येक ओळीला एक कमिट, आणि 8 मध्ये बिनलॉग (बदलांची वेगळी नोंदवही) मुळातच चालू, म्हणजे कमिटमागे दोन फ्लश. सेकंदाला जेमतेम 60 ओळी. 8 लाखांना भागून बघा, तुमचे पावणेचार तासच येतात!

ऑटोकमिट बंद करून 5,000 ओळींना एक कमिट द्या. जेडीबीसीच्या (जावा-डेटाबेस जोडणीच्या) यूआरएलमध्ये रीराइट-बॅच्ड-स्टेटमेंट्स ट्रू करा, नाहीतर एक्झिक्यूट-बॅच म्हटलं तरी ड्रायव्हर एकेकच पाठवतो. हे बरेच जण विसरतात.

बफर पूल 8 जीबीवर आणा, टॉमकॅटलाही जगू द्या. सॉर्ट बफर तर प्रत्येक कनेक्शनला वेगळा लागतो: 150 जणांनी एकदम रिपोर्ट काढले तर साडेनऊ जीबी. तो 256 केबीच बरा.

दूधखाते: दादा, पाच मिनिटांच्या आत आटोपलं! स्वॅपही थांबलं. पण एखाद्या केंद्रानं फॅटच्या रकान्यात ‘एनए’ टाकलं की अख्खी बॅच मागे फिरते.

जुना_डीबीए: आधी एका कच्च्या टेबलात सगळे रकाने व्हारकॅर (साधा मजकूर) ठेवून जसंच्या तसं उतरवा. तिथून शुद्ध ओळी इन्सर्ट-सिलेक्टने मुख्य टेबलात न्या, उरलेल्या केंद्रचालकाला परत पाठवा. मुख्य टेबलात केंद्र, तारीख, सकाळ-संध्याकाळ, सभासद क्रमांक मिळून युनिक की (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारी) हवीच. तीच फाइल दोनदा पाठवणारे महाभाग असतात.

रात्रपाळी: आणि सकाळ-संध्याकाळ उलटी टाकणारेही.