रोकी सासाकीला राखलं की रोखलं?

कट्टेकरी
बेसबॉलमध्ये रोकी सासाकीइतका जपून वापरलेला पिचर (चेंडू टाकणारा) दुसरा नसेल. १० एप्रिल २०२२ ला चिबा लोट्टे मरीन्सच्या या पोराने ओरिक्स संघाचे २७ च्या २७ फलंदाज बाद केले, एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नाही. १९ स्ट्राइकआउट (चेंडू न मारता आल्याने बाद), त्यातले १३ ओळीने. वय २०. जपानी लीगमध्ये २८ वर्षांनी परफेक्ट गेम! पुढच्याच रविवारी निप्पॉन हॅमविरुद्ध आठ इनिंग (सामना नऊ इनिंगचा, प्रत्येकीत तीन बाद), २४ फलंदाज, २४ बाद. आणि १०२ चेंडू झाल्यावर मॅनेजर इगुचींनी त्याला बसवलं. लागोपाठ दोन परफेक्ट गेम कुठल्याही मोठ्या लीगमध्ये कोणी टाकलेले नाहीत. वर सामनाही दहाव्या इनिंगमध्ये ०-१ ने गेला. डोक्यात जातं हे.

टोकियोकर
आठव्या इनिंगनंतर फळ्यावर ०-० होतं, हे सोयीस्कर विसरलात. लोट्टेची एक धाव झाल्याशिवाय परफेक्ट गेम कसला? नववी टाकून पुन्हा दहावी टाकायची? मग अकरावी?

मधली_सुट्टी
मला त्याहून जुनी गोष्ट खुपते. २५ जुलै २०१९, इवाते प्रांताची शालेय फायनल. जिंकलं की कोशिएन, म्हणजे शाळांची राष्ट्रीय स्पर्धा. सासाकीची ओफुनातो शाळा ३५ वर्षं तिथे पोचली नव्हती. त्याच एप्रिलमध्ये १६३ किमी वेगाने टाकलेला मुलगा बाकावर. पिचिंग नाही, बॅटिंगही नाही. समोर हानामाकी हिगाशी, स्टार खेळाडू शोहेई ओहतानीची शाळा. १२-२ ने हरले. शेवटच्या, तिसऱ्या वर्षाच्या पोरांना दुसरी संधी नव्हती हो. त्यांचं काय?

टोकियोकर
त्याआधीचे चार दिवस बघा की. २१ तारखेला १२ इनिंग, १९४ चेंडू. २४ ला सेमीफायनल, १२९ चेंडू. दुसऱ्या दिवशी परत उभं करायचं? १७ वर्षांच्या खांद्याला? कोच कोकुबोंनी निर्णय स्वतःच्या अंगावर घेतला, शाळेत शिव्यांचे फोन आले. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित कच खाल्ली असती.

मधली_सुट्टी
मग सेमीफायनलला कमी वापरायचं. दुसरा पिचर तयार करणं हे कोचचंच काम ना? ओझं एकावर टाकायचं आणि ऐन वेळी त्यालाच झाकून ठेवायचं, ही काय पद्धत?

टोकियोकर
हे मात्र पटलं.

कट्टेकरी
एवढं जपून हाती काय लागलं? २०२० मध्ये लोट्टेने त्याला एकही सामना दिला नाही. जपानमध्ये एका हंगामात १३० इनिंग कधी झाल्या नाहीत. अमेरिकेत डॉजर्सकडे गेला आणि मे २०२५ मध्ये खांदा धरून बाहेर. हमालाला सवय ओझं उचलूनच होते.

बिगर_क्रिकेट
लोट्टेचं नुकसान कोणी बोलत नाही. २५ च्या आत गेला म्हणून ६५ लाख डॉलरचा बोनस आणि मायनर (खालच्या) लीगचा करार. ओरिक्सचा पिचर यामामोतो २५ चा होऊन डॉजर्सकडे गेला, तर त्याला ३२.५ कोटी डॉलर आणि त्याला सोडल्याचा मोबदला म्हणून ओरिक्सला ५ कोटी. पण रोकीचं घाईचं कारण मला समजतं. ९ वर्षांचा असताना रिकुझेनताकातामध्ये त्सुनामीने वडील आणि आजी-आजोबा नेले. अशा माणसाला 'अजून दोन वर्षं थांब' कोण सांगणार?

टोकियोकर
शिवाय तो सप्टेंबरमध्ये परतला. ऑक्टोबरमध्ये फिलीज संघाविरुद्ध तीन इनिंग, नऊच्या नऊ बाद. संपलेल्या खांद्याची लक्षणं आहेत का ही?

कट्टेकरी
त्या इनिंग मीही पाहिल्या, ओरडलोसुद्धा. पण तो तिथे शेवटच्या इनिंगपुरता म्हणून गेलेला नाही. एका हंगामात १५० इनिंग टाकू दे, इगुचींची माफी मी इथेच मागेन.