मदत हवी आहे: शिवलेल्या नर्व्हनंतर करंगळी थर्मल कॅमेऱ्यात थंड दिसते

नमस्कार मंडळी. खिडकीची काच फुटून धाकट्या भावाचं मनगट करंगळीच्या बाजूने कापलं. अल्नर नर्व्ह (करंगळीच्या बाजूची नस, संवेदना नेणारी) पूर्ण तुटली होती, त्याच रात्री शिवली. आज ९ आठवडे झाले. करंगळी आणि अनामिकेची तिकडची बाजू अजून बधिर.

मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. पॅनलमधली सैल जोडणी तापते, ती शोधायला थर्मल कॅमेरा असतो. दुसऱ्या आठवड्यात सहज त्याच्या हातावर धरला, तर करंगळी चांगल्या हाताच्या करंगळीपेक्षा २ अंशांनी गरम. आई म्हणाली, रक्त छान खेळतंय. मीही खूश. आता तीच करंगळी ३ अंशांनी थंड!

सर्जन म्हणतात, वेळ द्या. पण टाका सुटला असेल का? आई रोज गरम पाण्याच्या पिशवीने शेकते, ते चालू ठेवू का?

प्रतिसाद
हाताच्या फिजिओथेरपीत काम करते. आधी शेक बंद करा, आजच. बधिर बोटाला चटका कळत नाही, थेट फोडच दिसतो.

त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळणारे सिम्पथेटिक तंतू याच नर्व्हमधून जातात. ती तुटली की आवळायला कोणी उरत नाही, म्हणून सुरुवातीला बोट गरम. तुम्ही खूश झालात ते खरं तर नर्व्ह तुटल्याचंच लक्षण! पुढे त्याच वाहिन्या रक्तातल्या अ‍ॅड्रेनलिनला जास्तच दाद देऊन आकसतात, बोट वापरातही नसतं, मग ते गार पडतं. म्हणजे एवढ्यावरून टाका सुटला असं म्हणता येत नाही. नर्व्हचे तंतू शिवलेल्या जागेपासून पुढे दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, म्हणजे आतापर्यंत फार तर ६ सेंटीमीटर. करंगळीचं टोक लांब आहे.

मोजायचंच तर त्याला पंख्याखाली बसवू नका, आधी चहा-सिगरेट नको, १५ मिनिटं हात उघडे ठेवून दोन्ही एकाच फ्रेममध्ये घ्या. कॅमेऱ्याचा आकडा चुकू शकतो, दोन हातांतला फरक बघा. त्यापेक्षा करंगळीकडून मनगटाकडे हलक्या टिचक्या मारत या. करंट लागल्यासारखं जिथे वाटेल, तिथवर तंतू पोचलेत असं समजा, तिथे पेनाने खूण करा. खूण महिन्याभरात बोटाकडे सरकली नाही, तर सर्जनना दाखवा.

धागाकर्ता
खूप आभार. करंट तळहातात, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं पुढे लागतोय, खूण केली. पिशवी लपवून ठेवली आहे, आई शोधतेय.