येशूला ३२५ साली देव ठरवलं, या आक्षेपाला काय उत्तर द्यावं?

शिरोड्याची पोर

मी शिरोड्याची, सध्या रत्नागिरीला बी.एससी. करते. रूमवर रात्री वाद रंगतात. माझी मैत्रीण हुशार आहे, वाचते, आणि तिच्या मनात खोट नाही. तिचं म्हणणं असं : येशू चांगला माणूस होता, त्याला देव केलं ते ३२५ साली रोमन बादशहाने, मतदान घेऊन. शिवाय तो क्रूसावर मेलाच नाही, काश्मीरला आला आणि त्याची कबर तिथे आहे. परवा ती म्हणाली, तौक्ते वादळात तुझ्या काकांची होडी फुटली तेव्हा तुझा देव कुठे होता? मला काही बोलता आलं नाही. आई म्हणते, वाद घालू नको, रोझरी कर. मला तिला हरवायचं नाही. मी जे मानते ते का मानते, हे मलाच नीट कळायला हवं.

निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ला

बाय, रोझरी करच. पण विचारलंस हे फार बरं केलंस. तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा आणि ते सौम्यपणे द्या, असं बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातच आहे. आपल्या किनाऱ्याला तर हे नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. सगळं मराठी ओव्यांत, आणि त्यात श्रोते शंका काढतात व पाद्री उत्तर देतो.

मी शाळेत इतिहास शिकवला, म्हणून ३२५ पासूनच सुरुवात करते. त्या साली बिशपांची निकेयाची परिषद कॉन्स्टंटाइन बादशहाने बोलावली, हे खरं. पण भांडण कशावरून होतं ते बघ. आलेक्झांड्रियाचा आरियस म्हणायचा, पुत्र जगाच्या आधीपासून आहे, पण पित्याने निर्माण केलेला आहे. दुसरा पक्ष म्हणायचा, तो निर्माण केलेला नाही, पित्याच्याच तत्त्वाचा आहे. येशूला नुसता भला माणूस मानणारं तिथे भांडायला कोणी नव्हतं. म्हणजे त्याची भक्ती आधीपासून चालत आलेली होती, वाद होता तो ती भक्ती शब्दांत नेमकी कशी मांडायची याचा.

आधीपासून म्हणजे कधीपासून? ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन सुभेदार, आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनियातून, ट्राजन बादशहाला पत्र लिहितो. ख्रिस्ती लोकांना देहान्ताची शिक्षा देणारा हा माणूस, त्याला त्यांची बाजू घ्यायचं काहीच कारण नाही. तो कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. निकेयाच्या दोनशेहून जास्त वर्षं आधीची ही गोष्ट. त्याच्याही मागे जा. नव्या करारातलं, प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांना पत्र हे क्रूसानंतरच्या साधारण तीस वर्षांतलं. त्याचा दुसरा अध्याय आज रात्रीच काढून वाच. ‘देवाच्या स्वरूपाचा असूनही’ त्याने दासाचं रूप घेतलं, असं तिथे लिहिलंय. ते वाचणाऱ्यांमध्ये येशूच्या पिढीची माणसं हयात होती.

काश्मीरचं थोडक्यात. येशू तरुणपणी हिंदुस्थानात येऊन शिकला, ही कथा निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाने १८९४ साली छापली. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला तशी पोथी मिळाली, असा त्याचा दावा. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस तिथे गेले, तेव्हा मठाच्या प्रमुख लामांनी अशी पोथी नाहीच म्हणून सांगितलं. श्रीनगरच्या कबरीचा दावा वेगळा, तो अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला. मधल्या अठराशे वर्षांचा पुरावा काय, एवढंच तिला शांतपणे विचार.

होडीचं मात्र जपून. माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून जगात वाईट घडतं, हे उत्तर खून-चोरीला लागू पडतं, वादळाला नाही. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी कारणं सांगायला तोंड उघडलं आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. वादळ का आलं ते मी सांगू शकत नाही. ज्याची मी भक्ती करते तो स्वतः क्रूसावर ‘माझ्या देवा, माझा त्याग का केलास’ म्हणून ओरडला, एवढं सांगू शकते. तुझ्या काकांच्या दुःखापासून तो लांब उभा नाही, हा माझा विश्वास आहे.

अलिबागकर

बाई, मी नास्तिक आहे, पण तुमचं उत्तर आवडलं. तरी प्लिनीवरून लोक तसं *मानत होते* इतकंच सिद्ध होतं. आमच्या गावात अवसार येतो, म्हणजे देव अंगात येतो, तेही लोक मनापासून मानतात. साक्ष धरायची तर सगळ्यांची धरा.

दापोली तालुका

आमच्या तालुक्यातल्या करजगावचे रेव्हरंड ना. वा. टिळक. जन्म १८६१. त्यांना आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने नवा करार दिला, आणि त्यांच्या मनाचा ठाव घेतला तो येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. बाप्तिस्मा १८९५ ला, पण त्याआधी वाचन आणि विचार किती! मैत्रिणीला मत्तयचे ५ ते ७ अध्याय वाचायला द्या. साल-सनावळ्या नंतर.

निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ला

दापोलीकरांचं पटलं. आधी मत्तय.

अलिबागकर, तुमचा आक्षेप योग्य आहे. अवसार येणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही आणि दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून स्वतःच्या श्रद्धेची बाजू मांडणार नाही. प्रत्येक साक्षीला मी एकच कसोटी लावते : पाहिलं कोणी, सांगितलं किती लवकर, आणि सांगून त्याला काय मिळालं. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५, हे साधारण इसवी सन ५५ चं. पुनरुत्थित येशू कोणाकोणाला दिसला याची यादी पौल तिथे देतो, आणि ती आपल्यालाही आधीच्यांकडून मिळाली असं म्हणतो. यादीत दोन माणसं आधी अनुयायी नव्हती. एक स्वतः पौल, जो ख्रिस्ती लोकांचा छळ करत फिरायचा. दुसरा येशूचा भाऊ याकोब. येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं योहानाचं शुभवर्तमान सांगतं, आणि या याकोबाला धोंडमार करून मारलं असं जोसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो. घरच्या अविश्वासू माणसाला आणि छळ करणाऱ्याला कशाने बदललं, याचा उलगडा कोणालाही करावाच लागतो. इतिहास मला या प्रश्नापर्यंत आणून सोडतो. ‘तो उठला’ हे उत्तर मी स्वीकारते, कारण दुसरी जी उत्तरं वाचली ती मला या दोन माणसांना पुरी पडताना दिसली नाहीत. भास झाला म्हणावं, तर दोघेही त्याची वाट बघत बसलेले नव्हते.

यात तुम्हाला कुठली कडी कच्ची वाटते ते लिहा. त्या पोरीलाही उपयोग होईल.