कायद्यावर थेट सार्वमत: नागरिकांना नकाराधिकार हवाच

उत्तरायण:
निवडणुकीत आपण माणूस निवडतो, त्याने पुढे केलेला प्रत्येक कायदा नव्हे. उमेदवाराची दहा धोरणं पटली आणि अकरावं मुळीच पटलं नाही, तर दाद कुठे मागायची? स्वित्झर्लंडमध्ये सोय आहे. संसदेचा कायदा मान्य नसेल तर १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवा, मग फैसला मतदारच करतात. लोक स्वतःच्या सोयीपुरतंच बघतील म्हणावं, तर २०१२ साली किमान सहा आठवड्यांच्या पगारी रजेचा प्रस्ताव तिथल्या दोन तृतीयांश मतदारांनी फेटाळला!

पाणकळा:
साफ असहमत. त्याच देशात १९५९ साली महिलांना मताधिकार देण्याचा प्रस्ताव संसदेने मंजूर करून मतदारांपुढे ठेवला. मतदार म्हणजे फक्त पुरुष. त्यांनी तो दणदणीत बहुमताने पाडला आणि बायकांना १९७१ पर्यंत थांबावं लागलं. अपेंझेल इनरऱ्होडन या प्रांतात तर प्रांतिक मताधिकार १९९० साली न्यायालयाला द्यावा लागला. ज्यांचा हक्क पणाला लागलाय तेच यादीबाहेर किंवा संख्येने थोडे असतील, तर सार्वमत म्हणजे बळी तो कान पिळी.

टिपूस:
आणि प्रश्न कोण लिहितो? ब्रिटनमध्ये २०१६ साली मतपत्रिकेवर एवढंच होतं: युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरलं. पण एकल बाजारपेठेचं (म्हणजे संघातल्या देशांमधल्या मुक्त व्यापाराचं) काय, ब्रिटनचा उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड देश यांच्यामधल्या सीमेचं काय, हे कागदावर नव्हतंच. पुढे जो तो नेता 'लोकांचा कौल' स्वतःला हवा तसा वाचत राहिला.

उत्तरायण:
@टिपूस, ते सार्वमत सरकारने बोलावलं होतं. मी म्हणतोय ते वेगळं: कायदा कलमांसकट छापलेला समोर आहे, त्यावर हो की नाही सांगा. तिथे मोघमपणाला वाव राहत नाही.
@पाणकळा, १९५९ला माझ्याकडे उत्तर नाही. मूलभूत हक्क सार्वमताच्या कक्षेबाहेर ठेवा, मान्य. बाकी कर, रस्ते, धरणं, निवृत्तिवेतन यांवर लोकांना का विचारू नये?

टिपूस:
विचारा, पण आधी वेळ द्या. आयर्लंडमध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ९९ नागरिक निवडले. त्यांनी तज्ज्ञांना ऐकलं, आपसांत चर्चा केली, शिफारशी दिल्या. त्यानंतर २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांनी गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवली. राजकीय पक्ष वर्षानुवर्षं हा विषय टाळत होते.

पाणकळा:
उठवली, खरं. पण ती बंदी राज्यघटनेत घालणारी दुरुस्ती झाली होती १९८३ साली, तीही सार्वमतानेच. मधल्या पस्तीस वर्षांत ज्या बायकांना गर्भपातासाठी परदेश गाठावा लागला, त्यांना या पद्धतीने काय दिलं, ते सांगा.