ईबीसीच्या फी सवलतीत बसतोय तरी कॉलेज पूर्ण फी मागतंय, काय करू?

कोरडवाहू_सोलापूर
नमस्कार सगळ्यांना. मी सोलापूर जिल्ह्यातला, यंदा कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या राउंडला पुण्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागला, ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल घटक). घरी तीन एकर कोरडवाहू, उत्पन्नाचा दाखला 84 हजारांचा. काल अॅडमिशन कन्फर्म करायला गेलो तर काउंटरवर म्हणाले पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की तुमच्या खात्यात परत करू. वडील म्हणतायत सोसायटीचं कर्ज आधीच आहे, आता सोनं गहाण ठेवू. मला ते नकोय. खरंच पूर्ण भरावी लागते का? अजून कुठल्या योजना मिळतात, आणि दोन योजना एकत्र घेता येतात का? हॉस्टेल मिळालेलं नाही, रूम करून राहणार आहे. धाकटी बहीण बारावीला आहे, तिचंही विचारून ठेवतो.

कात्रज_सिनियर
भावा सोनं अजिबात गहाण ठेवू नको, आधी हे वाच. तुला लागू होते ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, सगळे तिला ईबीसीच म्हणतात. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फीचा निम्मा भाग सरकार देतं, आणि शासनाने कॉलेजांना सांगितलेलंच आहे की पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी निम्मीच फी घ्यायची. पण डेव्हलपमेंट फी यात येत नाही, ती पूर्ण भरावी लागते, म्हणून "निम्मी" म्हणजे एकूण आकड्याच्या निम्मी नाही हे घरी नीट सांग. तुझ्या कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर आहे, ट्यूशन किती डेव्हलपमेंट किती वेगवेगळं दिलेलं असतं, त्याची प्रिंट काढ आणि मगच काउंटरवर जा. तोंडी बोलू नको. प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज लिही, "मी ईबीसीसाठी पात्र आहे, निम्मी ट्यूशन फी भरून प्रवेश निश्चित करावा", सोबत कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि उत्पन्नाचा दाखला जोड आणि दुसऱ्या कॉपीवर आवकचा शिक्का घे. शिक्का मागितला की बोलण्याचा सूरच बदलतो. नाहीच ऐकलं तर तंत्रशिक्षणच्या विभागीय कार्यालयात तीच कॉपी घेऊन जायचं.

स्टुडंट_सेक्शन_ताई
मी एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्याच टेबलावर आहे, दुसऱ्या बाजूनं सांगते. सरकारचे पैसे उशिरा येतात, कधी कधी पुढचं वर्ष उजाडतं, तोवर कॉलेजला पगार करायचे असतात म्हणून पोरांवर ढकलतात. कारण समजतं मला, पण तो भार तीन एकरवाल्या बापाने उचलायचा हे मला कधीच पटलेलं नाही.

आता तुझ्या कामाचं. खोळंबा सगळ्यात जास्त होतो तो बँकेत. खात्याला आधार "लिंक" असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात यायला, आधार सीडिंग असणं वेगळं, पैसे सीडिंग ज्या खात्याला झालंय तिथंच पडतात. पोरं सिम घ्यायला दुकानात जातात, तिथं अंगठा देताना पेमेंट बँकेचं खातं उघडलं जातं आणि सीडिंग तिकडं सरकतं, पोराला पत्ताच नसतो. मग तो इकडं पासबुक भरून बघतो आणि म्हणतो स्कॉलरशिप आलीच नाही. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, आजच बघ, चुकीच्या खात्याला असेल तर आपल्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म दे.

दुसरं म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि दाखल्यावर नाव एकसारखं हवं. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) फॉर्म सुटले की पहिल्या आठवड्यातच भर, शेवटच्या तारखेला साइट हलत नाही. फॉर्म भरला म्हणजे झालं असंही नाही, आधी आमच्याकडे येतो मग विभागाकडे जातो, कुठूनही परत पाठवला जाऊ शकतो, म्हणून लॉगिन करून बघत राहायचं. पुढच्या वर्षी रिन्युअल करताना हजेरी किमान 50 टक्के लागते. आणि ही योजना एका कुटुंबातल्या दोनच मुलांना आहे, तुम्ही दोघंच भावंडं असाल तर प्रश्न नाही.

रमाईची_लेक
मी एससीमधून आहे त्यामुळे माझी योजना वेगळी, पण इथं वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. एससीच्या पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. केंद्राचा 60 टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजच्या फीचे पैसेही असतात, ते आले की घरात खर्च होऊ देऊ नका, लगेच कॉलेजला भरून पावती घ्या नाहीतर रिझल्ट अडकवतात. सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेत राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो, तो फॉर्म समाजकल्याणकडे असतो. माझं तिसरं वर्ष स्वाधारवर चाललंय, ती नसती तर मी पहिल्याच वर्षी गावी परत गेले असते. एसटीच्या मुलांना स्वयं योजना आहे, ओबीसी-व्हीजेएनटीला सावित्रीबाई फुले आधार योजना. माहितीच नसल्याने किती जणी घरी बसल्यात ते मी माझ्याच गल्लीत बघते.

कात्रज_सिनियर
रमाईच्या लेकीने रूमची आठवण करून दिली. तुझ्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, ईबीसीसोबतच घेता येतो, दोन्ही महाडीबीटीवर एकाच प्रोफाइलमधून भरायचे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांना रक्कम जास्त असते. तुमची जमीन दोन हेक्टरच्या आत आहे, तहसीलमधून अल्पभूधारकाचा दाखला काढ, सातबारा आणि आठ-अ घेऊन जा. एनएसपीवरची (राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल) केंद्राची स्कॉलरशिप पण लोक सांगतील, बारावीत बोर्डाच्या वरच्या 20 टक्क्यांत असलास आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं तर पदवीला वर्षाला 12 हजार, पण ती ईबीसीसारख्या फी सवलतीसोबत चालत नाही, म्हणून हिशोब करून एकच निवड. तुझ्या केसमध्ये ईबीसी आणि पंजाबराव हेच बरं.

आणि पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना विचार, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने आहे. कॉलेजातच लायब्ररीत, लॅबमध्ये नाहीतर बागेत काम, तासावर पैसे. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी असतात त्यांना भेट. रक्कम फार नाही, पण मेसचा थोडा भार निघतो.

स्टुडंट_सेक्शन_ताई
बहिणीचं राहिलं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हक्क गेला, खासगी आणि अभिमत विद्यापीठातही नाही. एजंट घरी येतात आणि "सीट पक्की करा" म्हणतात, त्यांच्या नादी लागू देऊ नकोस. तिचा उत्पन्नाचा दाखला प्रवेश ज्या आर्थिक वर्षात असेल त्या वर्षाचा काढ.

कोरडवाहू_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज अर्ज दिला, आधी शिक्का द्यायला तयार नव्हते, मी उभाच राहिलो तर दिला. संध्याकाळी फोन आला की निम्मी ट्यूशन आणि डेव्हलपमेंट भरून या. वडलांना सांगितलं तर बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले आईचं मंगळसूत्र राहिलं. सीडिंग बघितलं, ताई म्हणाल्या तसं दुसऱ्याच खात्याला निघालं, उद्या बँकेत जातोय. एक विचारायचं होतं, पंजाबरावला रूमचा पुरावा काय देऊ, मालक काही लिहून देत नाही म्हणतायत.

कात्रज_सिनियर
भाडेकरार लागेल भावा. त्यांना सांग याने तुमच्यावर काही येत नाही. तरी नकोच म्हणाले तर आत्ताच दुसरी रूम बघ, महिना गेल्यावर डिपॉझिट अडकतं. आमच्या बिल्डिंगमध्ये एक कॉट रिकामी आहे, मालक करार करून देतात, मेसेज कर.