एट्सी टॅक्स भरतं, पण मंडळाच्या स्टॉलचं काय?

न्यू जर्सीवाल्या ताई, एट्सीवरच्या (हाताने केलेल्या वस्तू विकायच्या ऑनलाइन बाजारातल्या) विक्रीचा सेल्स टॅक्स एट्सीच गिऱ्हाइकाकडून घेऊन राज्याला भरतं हे तुम्ही लिहिलंत ते बरोबर, पण स्वतःच्या वेबसाइटवर किंवा मंडळाच्या दिवाळी स्टॉलवर नथ, ठुशी विकलीत की ६.६२५% सेल्स टॅक्स तुम्हीच घ्यायचा नि तुम्हीच भरायचा, आणि त्यासाठी राज्याकडे रजिस्टर व्हावं लागतं. साड्यांचं टेन्शन नको, न्यू जर्सीत कपड्यांवर टॅक्स नाही, दागिन्यांवर मात्र आहे!

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर, तुम्ही जिथे माल पाठवता त्या बाहेरच्या राज्यांनाही तुमच्याकडे टॅक्स मागता येतो, पण बऱ्याच ठिकाणी वर्षाला एक लाख डॉलरच्या विक्रीनंतरच, त्यामुळे आत्ताच घाबरू नका. हां, काही राज्यं त्या लाखात एट्सीवरची विक्रीही धरतात, तेवढं बघा.